म्हस्केसाहेबांची अचानक भेट

माझ्या वडिलांच्या तेराव्याला जेवून उठल्यावर म्हस्केसाहेबांनी हात धुतले, मिशा पुसल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, "भाऊसाहेब, नियोजन चांगलं. वाढपी तत्पर. आमटीत सुधारणेस वाव."

तेराव्याला माणूस सांत्वनाची अपेक्षा करतो. मला शेरा मिळाला. पण त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. पारनेरच्या पंचायत समितीत मी कारकून आणि ते शाळा तपासणारे साहेब. उभी हयात शेरे मारण्यात गेलेला माणूस तेराव्याच्या आमटीला तरी का सोडेल?

कळवून केलेली तपासणी ही तपासणीच नव्हे, असं त्यांचं ठाम मत. साहेब येणार म्हटलं की गुरुजी शाळा सारवून घेतात, शेजारच्या गावातून नकाशा उसना आणतात आणि पट भरायला शेतातली पोरं धरून बसवतात. म्हणून साहेब बांधाबांधाने मागून जायचे आणि खिडकीतून डोकं आत घालून ओरडायचे, "अचानक भेट!" कितीतरी गुरुजींच्या हातून खडू पडले. आमची क्वार्टर त्यांच्या शेजारी, त्यामुळे आमच्या घरातही ते मागच्या दारानेच यायचे. आमच्या सौभाग्यवतीच्या हातून पळ्या पडायच्या.

त्यांच्या स्वतःच्या घरात काही पडायचं नाही, कारण पाडायला कुणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मूलबाळ नाही.

रिटायर व्हायला वर्ष उरलं तेव्हा एक विमा एजंट त्यांच्याकडे आला. त्या बिचाऱ्याला काय माहीत! साहेबांनी त्याला चहा पाजला आणि विचारलं, "मेल्यावर पैसे मिळतील, ते ठीक. पण मेल्यावर मला पैसे कशाला? मरायच्या आधी मी अंथरुणाला खिळलो, तर मला कुशीवर कोण वळवणार? पाणी कोण पाजणार? ह्याचा विमा आहे का तुमच्याकडे?"

एजंटने बॅग उघडली, पुन्हा बंद केली. "तसला विमा अजून निघाला नाही, साहेब."

"मग योजनेत सुधारणेस वाव," साहेब म्हणाले आणि त्याला दारापर्यंत पोचवून आले.

मी पोट धरधरून हसलो. संध्याकाळी ते माझ्या पायरीवर येऊन बसले आणि उठेचनात. "हसू नका, भाऊसाहेब," ते म्हणाले. "पुढल्या साली क्वार्टर सोडायची. कुठं जायचं, ते सांगा."

गावाकडे त्यांच्या वाट्याची थोडी जिरायत जमीन होती. जो शेवटपर्यंत सांभाळील त्याला जमीन लिहून द्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. निपुत्रिक माणसं पूर्वीपासून हाच विमा उतरवत आली आहेत. अडचण एवढीच की हप्ता आधी एकदम भरावा लागतो, आणि तो पोचला की नाही हे अंथरुणाला खिळल्यावर कळतं. साहेबांना तात्या म्हणणारे दोन पुतणे. मोठा अशोक नगरला नोकरीत, धाकटा सोपान गावी. जमीन कुणाला द्यायची हे त्यांना रिटायर व्हायच्या आत ठरवायचं होतं.

"खुर्ची गेली की लोक आपली तपासणी करतात," ते म्हणाले. "त्याआधी मी त्यांची करून घेतो."

ती कशी करणार हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी त्यांना वेड्यात काढलं. आजारी पडून दाखवणार! अंगावरून वारं गेलं, अर्धं अंग लुळं पडलं असं सांगून एकेका पुतण्याकडे राहून येणार!

"साहेब, हे तुम्हाला शोभत नाही."

"पाहुणा म्हणून गेलो तर सगळेच गोड बोलतात, भाऊसाहेब. नकाशा उसना आणता येतो, तशी मायाही आणता येते."

पहिली तपासणी अशोकची. तिचा वृत्तांत त्यांनी मला रंगवून सांगितला. पहिल्या दिवशी खिडकीपाशी खाट, डॉक्टर, मोसंबीचा रस, सूनबाई पायाशी. मग रस बंद झाला. मग खाट खिडकीपासून निघाली आणि सरकत सरकत बोळात, चपलांच्या शेजारी आली. तिथे पडल्या पडल्या त्यांनी ऐकलं, अशोक आत बायकोला सांगत होता, "सोपानकडं ठेवू या. गावाकडची हवा चांगली असते." बाहत्तरच्या दुष्काळाचे दिवस. माणसं गाव सोडून नगरला येत होती आणि ह्याला तिथली हवा आठवली!

साहेब उठले. अंथरूण घडी करून ठेवलं, स्वयंपाकघराच्या दारात ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "अचानक भेट! सुरुवात उत्साहवर्धक. सातत्याचा अभाव." सूनबाईला वाटलं, तात्या गेले आणि हे त्यांचं भूत. तिच्या किंकाळीने गल्ली गोळा झाली. साहेब तोवर एसटी स्टँडवर.

नगरची बातमी गावी पोचायच्या आत सोपानची तपासणी उरकायची होती, आणि तीत त्यांनी मलाही ओढलं. गावोगाव पाण्याचे टँकर पाठवायचं काम तेव्हा माझ्याकडे होतं आणि सोपानच्या गावाला टँकर जात होता. ड्रायव्हरला मी सगळं समजावून ठेवलं. टँकर गावात शिरताच हंडे, कळश्या, डबे घेऊन सारा गाव धावत आला. केबिनचं दार उघडलं आणि आतून माझ्या खांद्यावर मान टाकलेले म्हस्केसाहेब निघाले. "आगं बया," एक म्हातारी ओरडली, "टाकीतनं मानूस आला की!"

सोपान आणि त्याची बायको द्वारका दुष्काळी कामावरून धावत आली. खडी फोडून दोघंही धुळीने पांढरी झालेली. द्वारका पुढे झाली. पदराने साहेबांचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "व्हईल बरं, तात्या. आपलं घर हाय ह्ये." मग मला एवढंच विचारलं, "भाऊसायेब, ह्येंना गिळाय येतंय का नीट? भाकर कुस्करून देऊ का पेज करू?"

साहेबांनी एक डोळा किलकिला करून माझ्याकडे पाहिलं. तपासणीची सुरुवात त्यांना पसंत पडली होती.

पुढच्या आठवड्यात मी टँकरबरोबर त्यांना आणायला गेलो. छपराखाली खाटेवर साहेब पडले होते. अंगावर धुतलेलं धोतर, दाढी केलेली, अंथरुणाला कसला वास म्हणून नाही. आणि बाजूला द्वारका आणि तिच्या दोन मुली. केसांच्या जटा झालेल्या, हातापायांवर धुळीची पुटं. वाट्याला येणाऱ्या हंड्या-दोन हंड्यांच्या पाण्यातून घरातल्या कुणी अंघोळ केली नव्हती. तात्यांना मात्र रोज. ते स्वतः उठू शकत नव्हते, म्हणजे उठत नव्हते, तेव्हा सगळंच तिला करावं लागत होतं. कामावरही गेली नव्हती. मुकादमाने नाव कमी केलं, हे तिने मी विचारलं म्हणून सांगितलं.

मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "तात्या रडत्यात वो. धुतलं-पुसलं की डोळ्याला पानी येतंय. तुमी सांगा त्येंना. म्हनावं, जड न्हाई व्हत आमाला."

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी ज्या चपळाईने तोंड भिंतीकडे फिरवलं, ती लकवा झालेल्या माणसाची नव्हती. द्वारकेची तिकडे पाठ होती म्हणून बरं.

उठून उभं राहायचं, शेरा द्यायचा, हे त्यांच्याने झालं नाही. नगरच्या डॉक्टरला दाखवतो असं सांगून मी आणि सोपानने त्यांना उचलून टँकरमध्ये बसवलं. गाव मागे पडल्यावर ते सरळ बसले. मी शेऱ्याची वाट पाहत होतो. पारनेर जवळ आलं तेव्हा ते बोलले, आणि बोलताना त्यांची साहेबी भाषा कुठल्या कुठे गेली.

"आमची आई अशीच पडून हुती, भाऊसाहेब. लई वर्सं. समदं आमच्या हिनं केलं, माज्या बायकूनं. मी आपला फिरतीवर. घरी यावं तर आई स्वच्छ, अंथरून स्वच्छ. मला वाटायचं, ते आपसूक हुतंय. ही कवा वाकली, कवा खंगली, मला दिसलंच न्हाई. आईमागं ही बी गेली." मग म्हणाले, "समद्या तालुक्यात अचानक गेलो. माज्या घरात तेवढा कवा गेलो न्हाई."

मला वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही झालं. निकाल लागला होता. माणूस सापडलं होतं.

रजिस्ट्रार कचेरीबाहेर दस्त लिहिणाऱ्याने सोपान आणि द्वारकेची नावं घातली, मान वर केली आणि म्हणाला, "तहहयात सांभाळण्याची अट लिहितो."

"नको," साहेब म्हणाले. "बिनशर्त लिहा. मी त्यांच्याकडं राहणार नाही."

मी भडकलो. तिथेच, चार माणसांत. "साहेब, ज्यासाठी एवढं सोंग केलंत, ते हातात आलं आणि सोडून देता? ती पोरगी तुमचं सगळं करील!"

"करील," साहेब म्हणाले. "म्हणूनच जायचं नाही."

दस्त बिनशर्त झाला. डॉक्टरने मला बरं केलं, आता त्याच्याजवळच राहायला हवं, असं सोपानला सांगून साहेबांनी रिटायर झाल्यावर नगरजवळ केडगावात एक खोली घेतली. माझीही बदली नगरला झाली. मी अधूनमधून जायचो. दर वेळी ते थोडे अधिक म्हातारे दिसायचे. गुडघे गेले, पाय सुजायला लागले, नळापर्यंत जायचं तर भिंतीचा आधार. "द्वारकेला कळवू?" म्हटलं की असे बघायचे की मी विषय बदलायचो.

पाऊस झाला, पिकं आली, आणि एक दिवस निरोप आला की द्वारका भेटायला येतेय. साहेबांनी मला तातडीने बोलावून घेतलं. घाईघाईने दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, औषधाच्या बाटल्या ट्रंकेमागे दडवल्या. शेजारणीला आपल्या चुलीवर येऊन भाजी टाकायची गळ घातली, घरात स्वयंपाकाचा वास यावा म्हणून.

द्वारका नवी ज्वारी घेऊन आली. "तुमच्या रानातली हाय, तात्या," म्हणाली. साहेब सगळा वेळ उभे. "बसा की," ती म्हणायची. "बसून बसून कंटाळा येतो," हे म्हणायचे. भरलेली बादली त्यांनी कारण नसताना ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेली. रोज नगरपर्यंत पायी जाऊन येतो अशी थापही मारली. घरी चला म्हणून तिने परोपरीने विनवलं. "मला इथं कामं आहेत," साहेब म्हणाले.

तिला थांब्यावर सोडायला ते स्वतः निघाले. पुणे रस्ता फार लांब नव्हता, पण वाटेत द्वारका सारखी थांबत होती. चपलेचा अंगठा तुटला म्हणे. मी पाहिलं, अंगठा शाबूत होता.

एसटी आली. साहेब पुढे होऊन कंडक्टरला जागेबद्दल बजावत होते. तेवढ्यात द्वारका माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "भाऊसायेब, पाय लई सुजल्यात त्येंचं. माज्यापायी उभं हायती, म्हनून म्या काय बोलले न्हाई. पन आता पडलं तर मला कळवा. त्येंना इचारू नका." पदराने डोळे पुसले आणि हसऱ्या तोंडाने गाडीत चढली.

गाडी दिसेनाशी होईपर्यंत साहेब हात हलवत राहिले. मग माझा दंड धरून तिथेच धुळीत खाली बसले. त्यांना पाऊल उचलवेना. मी टांगा थांबवला, टांगेवाल्याने आणि मी त्यांना उचलून वर घेतलं.

"तिला काही कळलं नाही ना, भाऊसाहेब?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "अगदी ठणठणीत वाटलात तिला."

"बरं झालं," साहेब म्हणाले, आणि सुजलेले पाय दोन्ही हातांनी उचलून त्यांनी टांग्यात नीट ठेवले.