एल्कला हाक मारण्याची योग्य पद्धत

नोकरीत बुद्धी लागते हा समज आता सुशिक्षितांतही मागे पडला आहे. नोकरीत गळा लागतो.

कुवेतमधल्या शुऐबा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हा शोध नवे मॅनेजर स्कॉटसाहेब आल्यावर लागला. साहेब दर सप्टेंबरात अमेरिकेतल्या डोंगरात एल्क मारायला जात. (एल्क म्हणजे आपल्या सांबराचा परदेशात स्थायिक झालेला थोरला भाऊ.) हा प्राणी शोधून सापडत नाही; त्याच्याच भाषेत हाक मारून बोलवावा लागतो. कुवेतमध्ये एल्क नाही, डोंगर नाही, झाडसुद्धा नळाच्या पाण्यावर जगवलेलं. तरी हिवाळा येईतो मंगफ वस्तीतल्या निम्म्या मराठी इंजिनीअरांना एल्कची भाषा येऊ लागली. (अरबी इतक्या वर्षांत 'शुक्रान'च्या पुढे सरकलेली नव्हती.)

सर्वांत सखोल व्यासंग प्रताप धोंगड्यांचा. इन्स्ट्रुमेंट विभागातल्या दोन वरिष्ठांपैकी, म्हणजे ते आणि सुशांत यांच्यापैकी, एकाचाच करार वाढणार होता. करार गेला की इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, जाणार, आणि लेक जुईलीची दहावी अर्ध्यावर. त्यांनी टाळूला चिकटवायची रबरी पट्टी मागवली, व्हॅक्यूम क्लीनरची नळी भोंग्यासाठी ताब्यात घेतली आणि शुक्रवारी घरी वर्ग सुरू केला. वर्गाला सुशांतही येई. (शिकवायला मिळालं की समोर कोण बसलंय हे मराठी माणसाला दिसत नाही.)

"मादीची हाक मऊ काढायची, आणि थोडीच," प्रताप सांगत. "हाक दिली की गप्प बसायचं. आणि कळपातल्या मोठ्या नरापुढे त्याच्याहून मोठी आरोळी ठोकायची नाही. तो लढत बसत नाही, कळप घेऊन निघून जातो."

"अहो," सरोजिनी आतून म्हणाली, "इमारतीचा हारिस विचारून गेला, घरात कुणाला दम लागलाय का."

"ही मादीची हाक आहे!"

"कुठल्या मादीला विचारून?"

"बाबा, स्टॉप इट!" जुईली ओरडली. "माय फ्रेंड्स कॅन हिअर यू!"

जानेवारीत कंपनीचा वाळवंटातला तंबू लागला. शेकोटीभोवती साहेबांनी सगळ्यांना हाक मारायला लावली. सुशांतने लोण्यासारखी एकच हाक काढली आणि मान खाली घालून बसला. "नाइस," साहेब म्हणाले. मग त्यांनी स्वतः नराची आरोळी दिली. ती मध्येच चिरकली, शेवटी तर घसरलीच.

पहिलीपासून पहिला नंबर काढलेल्या माणसाला फळ्यावर चुकीचं उत्तर बघवत नाही. प्रतापनी नळी उचलली आणि बरोबर आरोळी दिली. लांबवर बसलेले उंट उभे राहिले.

टाळ्या पडल्या. साहेबांनीही वाजवल्या. मग जॅकेट उचललं, "जेवू या," म्हणाले आणि अख्खा विभाग घेऊन जेवणाच्या तंबूत गेले. शेकोटीपाशी प्रताप उरले. आणि नळी.

करार सुशांतचा वाढला. (निकष: नेतृत्वगुण.)

"कळप घेऊन निघून जातो, हे तुम्हीच शिकवत होतात ना?" जुईलीची पुस्तकं खोक्यात भरताना सरोजिनीने विचारलं.

"पण त्याचा सूर चुकत होता गं!"

तिने नळी व्हॅक्यूम क्लीनरला परत लावली.

वाचकांनी खुशाल हसावं. फक्त साहेबाचा फोन आला की आपण खुर्चीतून उठून ज्या आवाजात 'येस सर' म्हणतो, तो एकदा घरच्यांना काढून दाखवायला सांगावा. त्यांना नळीही लागणार नाही.