दिग्रसचा उतावळा भोंगा

देवीलाल शेठच्या जिनिंग मिलचा भोंगा ऐन हंगामात मुका झाला आणि अख्खं दिग्रस बिनवेळेचं झालं. मोबाइल सगळ्यांच्या खिशात होते, नाही असं नाही. पण मोबाइलमधली वेळ कंपनीची आणि भोंग्याची वेळ आपली, असा गावाचा कायदा. भोंगा वाजल्याशिवाय तिथं वरणाला फोडणीसुद्धा बसत नसे.

भोंग्याच्या पेटीतला प्रोसेसर जळला होता, आणि तो इतका म्हातारा की तसला दुसरा कुठल्याच बाजारात मिळेना. तेव्हा निजामुद्दीन मोटर वाइंडिंगवाल्याची पोरगी नसरीन पुढं झाली. पुण्यात फोनवर लोकांच्या शिव्या ऐकायची नोकरी सोडून ती नुकतीच घरी आली होती.

"शेजारच्या चिपमधला प्रोग्राम शाबूत आहे," ती म्हणाली. "पण जुन्याची असेंब्ली भाषा नव्या प्रोसेसरले समजत नाही. मी ओळ न् ओळ त्याच्या भाषेत करून देतो."

"जमलं तर मिलच्या साऱ्या मशिनी तुह्या हाती," शेठ म्हणाले. "नाही जमलं तर मी यवतमाळहून माणूस आणतो."

"अन् तू पुण्याले वापस," अब्बांनी जोडलं. "शिव्याच खायच्या तं पगार घेऊन खा, बेटा."

नसरीननं भाषांतर केलं ते असं की काना-मात्रा इकडची तिकडं नाही. सकाळी भोंगा असा खणखणीत वाजला की बसस्टँडवरची कुत्री उठून उभी राहिली. मुकादम बाबुलालनं गेटवर नारळ फोडला. नसरीन दुकानात येऊन बसली. अब्बांनी कौतुकानं चहा मागवला.

चहा निवायच्या आत जेवणाचा भोंगा वाजला.

"आज दिवस लवकर चढला वाट्टे," अब्बा म्हणाले आणि डबा उघडायला बसले. मिलमध्ये कामगारांनीही डबे उघडले. झाकण बाजूला ठेवतात तोच जेवण संपल्याचा भोंगा! माणसं घास तसाच धरून मशिनीकडं पळाली. पट्टा फिरतो न फिरतो तोच सुट्टीचा भोंगा झाला. आज्ञाधारक माणसं ती, सरळ घरी गेली. शाळेनं पोरं सोडली. पुसदच्या बसचा ड्रायव्हर निघाला आणि कंडक्टर तिकिटं घेऊन मागं धावत राहिला. कामगार घरी जाऊन टेकतात तोवर दुसऱ्या दिवसाचा भोंगा झाला म्हणून तसेच परत आले. दुपारपर्यंत दिग्रसमध्ये परवा उजाडला होता.

बाबुलाल दुकानावर आला तो धापा टाकतच.

"याडी वो, माय वो! नसरीन, हे काय करून राह्यली तू? माह्या घरवालीनं, नंदाबाईनं, गुरुवारचा उपास धरला अन् सोडलाही. आता विचारते, शुक्रवारचं काय करू?"

नसरीननं बाबुलालसोबत मिलमध्ये धावत जाऊन भोंग्याच्या पेटीचा खटका पाडला. शेठ बाजूलाच उभे होते, कपाळाला हात लावून.

"मी फोन लावतो यवतमाळले."

"शेठजी, आजचा दिवस द्या."

"कोणता आजचा? सकाळपासून तीन झाले."

ती पेटीपाशी मांडी घालून बसली. चूक सापडायला वेळ लागला नाही. जुन्या प्रोसेसरला घड्याळ कळत नव्हतं. तो मनातल्या मनात फेऱ्या मोजायचा आणि मोजून झाल्या की भोंगा वाजवायचा. नसरीननं फेऱ्यांचे आकडे जसेच्या तसे उतरवले होते. पण म्हातारा मोजायचा टेकत टेकत, आणि हा नवा पठ्ठ्या मोजायचा पळत पळत. आकडे वाढवले की झालं. ती एकेक तास वाढवत गेली आणि दुपारच्या तासावर अडखळली.

"शेठजी, एक विचारू का? प्रत्येक तासाच्या फेऱ्या सारख्या आहेत. फक्त जेवणाच्या तासाच्या कमी. अन् त्याच्या पुढच्या तासाच्या तेवढ्याच जास्त. संध्याकाळी बरोबर जुळते, म्हणून कोणाले कळलं नाही."

बाबुलालचा चेहरा हळूहळू बदलला. "म्हणजे जेवणाचा तास पुरा नव्हताच कधी?"

"नव्हता."

"अन् मी तीस वर्षं नंदाबाईले बोलून राह्यलो, का तू भाकरी जास्त बांधते म्हणून वेळ पुरत नाही!"

शेठनी घाईघाईनं इकडंतिकडं पाहिलं. "हे माह्या वडलांचं, बाबूजींचं काम असन. ते वारले. नसरीन, तू आपली जसं होतं तसंच भाषांतर कर."

"करतो न, शेठजी. पण तुम्हीपण याच भोंग्यावर जेवता का?"

"लहानपणापासून. बाबूजी म्हणत, भोंगा झाला, ऊठ ताटावरून..." शेठचा हात खिशाकडं गेला. रोज जेवणानंतर घ्यावी लागणारी पित्ताची गोळी त्यांनी बाहेर काढली आणि उलटसुलट करून पाहिली. मग असे ओरडले की कापसाच्या ढिगावरची कबुतरं उडाली.

"म्हणजे पोटच्या पोराचाही तास कापला त्यांनी! पुरा कर, नसरीन! मिनिटभरही कमी नको!"

दुसऱ्या दिवशी सकाळचा भोंगा सकाळीच वाजला, दुपारचा दुपारी. नसरीन मशिनघराच्या किल्ल्या कमरेला लावून भिंतीशी उभी होती. रस्त्यापलीकडं दुकानाच्या पाटीवर पेंटर 'निजामुद्दीन'च्या शेजारी 'आणि नसरीन' रंगवत होता, आणि अब्बा खाली उभे राहून अक्षर मोठं काढायला सांगत होते.

तेवढ्यात बाबुलाल तावातावानं आला.

"बिघडला व तुहा भोंगा! आम्ही जेवलो, हात धुतले, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला, खाऊनही झाला. वाजूनच नाही राह्यला!"

"वाजते, काका. तास होऊ द्या."

"तोपर्यंत माणसानं करावं काय?"

"शेठजी काय करून राह्यले ते पाहा."

बाबुलालनं ऑफिसच्या खिडकीतून डोकावलं. रिकामं ताट बाजूला सारून देवीलाल शेठ गादीवर आडवे झाले होते आणि मिलच्या पट्ट्याला लाजवील असे घोरत होते. बाबुलाल पाय न वाजवता परत फिरला आणि नसरीनच्या कानाशी लागला.

"बेटा, सुट्टी संपल्याचा भोंगा आज जरा हळू वाजवता येते का?"