चार तारांची पंगत

वासुभाऊ हटवारांच्या युकुलेलीला चार तारा होत्या आणि त्यांची नावं होती चटणी, भात, वरण आणि भाजी.

ज्यांनी हे वाद्य पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. युकुलेली म्हणजे गिटारीचं पिल्लू. हातभर लांब, काखेत मावणारं, आवाजानं गरीब. वाद्य उभं धरलं की डावीकडची पहिली तार बारीक आणि तिखट बोलते, म्हणून ती चटणी. तिच्या शेजारची जाड, गंभीर तार म्हणजे भात. मग वरण आणि शेवटी भाजी.

"पान वाढाची रीतच आहे बाप्पा," वासुभाऊ म्हणायचे. "चटणी डाव्या अंगाले, भात मधात. ज्यानं हे बनवलं तो माणूस आपल्या भंडाऱ्याकडचाच असन."

हे वाद्य मुळात दूरच्या कुठल्या बेटांवरचं आहे, असं मी एकदा त्यांना सांगून पाहिलं. क्षणभर विचार करून ते म्हणाले, "बेट म्हणजे चारी बाजूनं पाणीच ना? मंग धानच होत असन तठी."

सत्तरच्या दशकात मी शहापूरच्या शाळेत मराठी शिकवत होतो. वासुभाऊ जवळच्या कारखान्यात फिटर होते आणि माझ्या शेजारच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे. लग्न केलेलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं की म्हणत, "पोरगी पाहाले गेलो होतो. तिच्या बापानं पोळ्या वाढल्या. भाताचं नावच नाही. मी पाणी पिऊन परत आलो."

कारखान्यात देशभरातली माणसं होती. त्यातल्या एका गोवेकराला घरच्या जेवणाची फार आठवण यायची. वासुभाऊंनी त्याला तलावातली मासळी आणि भात इतका खाऊ घातला, की बदली होऊन जाताना त्यानं आपली युकुलेली यांच्या हातात ठेवली आणि डोळे पुसले. वासुभाऊंनी आधी तिचा वास घेतला. मग एक तार छेडली. "गोड आहे," म्हणाले, जसं काही एखादं फळ चाखलं.

एकट्यानं वाजवणं त्यांना पटेना. पंगत एकट्याची नसते, हा त्यांचा सिद्धांत. म्हणून त्यांनी आणखी दोन युकुलेल्या स्वतःच्या हातानं बनवल्या. दांडी आंबागडच्या सुताराकडून आणलेल्या सागाची, पेटी चहाच्या खोक्याच्या प्लायवूडची, दांडीवर बोटांची घरं आखणारे पडदे सायकलच्या तुटक्या स्पोकचे आणि तारा म्हणजे ढिवराकडून आणलेली मासे धरायची नायलॉनची तंगूस. एक मला मिळाली, एक मेश्रामना. तिन्ही वाद्यं खुंटीला ओळीनं टांगलेली पाहून आमची घरमालकीण म्हणाली, "लगन नाही केलं, पण तीन लेकरं झाली म्हणाव!"

मेश्राम भंडाऱ्याच्या तार ऑफिसात तारबाबू. दिवसभर कट्ट-कड्-कट्ट करून लोकांच्या सुखदुःखाच्या तारा पाठवायचे. सडसडीत, मोजकं बोलणारे, इस्त्रीच्या शर्टातले. ताल त्यांच्या बोटांतच होता. वासुभाऊ म्हणायचे, "मेसराम तार करते अन् मी तार खराब करतो."

दर रविवारी दुपारी वासुभाऊंच्या खोलीत आमची बैठक असे. नियम एकच, "आधी पोट, मंग पडदा." चुलीवर भात, कधी लाखोरीची डाळ, कधी अंबाडीची भाजी, कधी झिंगे. पहिला घास नुसत्या भाताचा घ्यायचा. वर काही घेतलं तर ते हात धरत. "भाताले आधी एकट्यानं भेटा ना मास्तर! पाहुण्याच्या घरात गेल्याबरोबर त्याच्या बायकोले भेटता काय?"

खिशात दोन हिरव्या मिरच्या कायम असत. पेन विसरतील, मिरची नाही. नागपूरला एका लग्नात पोळ्या, जिलेबी सगळं वाढून झाल्यावर शेवटी भात आला, तेव्हा यजमानालाच त्यांनी विचारलं, "भाऊ, नवरदेवालेही असंच सगळं आटोपल्यावर बोलावलं होतं काय?"

जेवण झालं की शिकवणी सुरू. "भाजी तिसऱ्या घरात दाबा! चटणी दुसऱ्या, वरण पहिल्या! मास्तर, तुमचा भात मोकळा सोडा, कायले दाबून राहिले?" नवीन राहायला आलेल्या एका बाईंनी भिंतीपलीकडून "चटणी उतरली, चटणी उतरली!" असा आरडाओरडा ऐकला आणि बिचाऱ्या वाटीभर जवसाची चटणी घेऊन दारात उभ्या राहिल्या. वासुभाऊंनी ती वाटी आदरानं घेतली, चाखली आणि म्हणाले, "ही बरोबर सुरात आहे."

सूर जमला तर "शिजलं!" आणि नाही जमला तर "कच्चं आहे." त्यांच्याकडे तिसरा अभिप्राय नव्हता. मी पाच-सहा वर्षं कच्चाच होतो. मेश्राम मात्र पहिल्या महिन्यातच शिजले.

एका वर्षी दिवाळीनंतर करडीच्या मंडईत आमचा कार्यक्रम ठरला. आमच्याकडे धान कापायला येतं त्या दिवसांत गावोगावी मंडईची जत्रा भरते, दंडारीचा नाच होतो, नाटकं होतात. करडी हे वासुभाऊंचं गाव. तिथे थोरला भाऊ शेती बघायचा. दुपारचं जेवण त्याच्याच घरी होतं. वासुभाऊ सकाळपासून आनंदात होते. वहिनीच्या हातच्या वड्यांचं वर्णन त्यांनी सायकलवर बसल्या बसल्या वाटभर केलं.

आत पानं मांडली होती. मला आणि वासुभाऊंना त्यांच्या भावानं आत बोलावलं. मेश्रामकडे न बघता तो म्हणाला, "तारबाबूचं पान अंगणात टाकलं आहे."

मेश्रामच्या वडिलांनी दीक्षा घेतली होती. त्यांचं घर कोणत्या वस्तीत हे करडीत कुणाला सांगावं लागत नव्हतं.  खिशातून रुमाल काढून मेश्रामनी हात पुसले, जणू जेवण होऊन गेलं होतं.

वासुभाऊ पाटावर बसले होते. समोर वाढलेली पत्रावळ होती, तीत वाफाळता भात. त्यांनी पत्रावळ दोन्ही हातांनी अलगद उचलली, वरणाचा ओघळ बाहेर जाऊ न देता उंबरा ओलांडला आणि अंगणात मेश्रामच्या शेजारी जाऊन मांडी घातली. "अंदर लय गरम होऊन राहिलं बाप्पा," ते म्हणाले. "अठी मस्त हवा आहे. मास्तर, येता काय?"

मीही माझं पान उचललं. सांडलं थोडं, मला त्यांच्यासारखं जमलं नाही.

आत भाऊ गरजला, "वासू, उठलास तर या घरचं पान तुले पुन्हा नाही."

वासुभाऊंनी पहिला घास नुसत्या भाताचा घेतला. सावकाश चावला. मग मोठ्यानं म्हणाले, "वहिनी, भात लय सुंदर झाला. आणखी आणा." वहिनी दारात थबकल्या. नवऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि भाताचं गंज, म्हणजे पातेलं, घेऊन सरळ अंगणात आल्या. तिघांनाही सारख्याच हातानं वाढलं. डोळ्याला पदर लावत होत्या, पण वाढत होत्या.

त्या दुपारी आम्ही वाजवलं ते मात्र पडलंच. हजारभर माणसं, पाळण्यांची करकर, फुगेवाले, आणि रंगमंचावर तीन पिल्लं किणकिणतायत. मागून कुणीतरी ओरडलं, "जोरात वाजवा ना बे!"

वासुभाऊ माईकपाशी गेले. "आमी जोरातच वाजवून राहिलो. तुमी हळू बसा."

लोक हसले आणि खरंच थोडे शांत झाले. दोन चाली ऐकल्या. मग दंडारीचा ढोल घुमला आणि सगळे तिकडे धावले.

भावानं शब्द पाळला. दिवाळी, पोळा, पुतणीचं लग्न, कशाचंच बोलावणं आलं नाही. वासुभाऊ त्याबद्दल कधी बोलले नाहीत. त्या विषयावर त्यांच्याकडे विनोदही नव्हता, म्हणून मीही विचारलं नाही.

पुढे माझी बदली भंडाऱ्याला झाली. रविवार मात्र सुटला नाही. ऐंशीचं दशक सुरू होऊन थोडी वर्षं झाली असतील, एका सकाळी मेश्राम अंथरुणातून उठले ते डावा हात आणि डावा पाय तिथेच सोडून. दवाखान्यातून घरी आले. पाय हळूहळू परतला. हात नाही. तो मांडीवर दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा पडून असायचा. मेश्राम भिंतीकडे तोंड करून झोपू लागले. त्यांच्या पत्नी सुशीलावहिनी घास घेऊन बसायच्या आणि तो घास तसाच ताटात परत जायचा.

वासुभाऊ एका दुपारी आले ते खांद्याला युकुलेली आणि सायकलच्या हँडलला डबा लावून. तब्येत कशी आहे वगैरे काही विचारलं नाही. म्हणाले, "सरक."

"काय करून राहिला?" मेश्राम.

"सरक म्हणतो ना."

ते खाटेवर मेश्रामच्या डाव्या बाजूला अगदी खेटून बसले. उजवा हात मेश्रामच्या पाठीमागून नेऊन खांद्यावर ठेवला, युकुलेली मेश्रामच्या पोटाशी टेकवली आणि दांडी आपल्या डाव्या हातात धरली. "उजवा हात तर आहे ना? फिरव तारांवर. घरं मी दाबतो."

मेश्रामनी दोनदा तारांकडे पाहिलं. मग बोटं फिरवली. वासुभाऊंनी भाजी दाबायला उशीर केला. सगळा गोंधळ झाला.

"कच्चं आहे," वासुभाऊ म्हणाले.

"तुयाच मुळं," मेश्राम म्हणाले. आजारपणानंतर त्यांनी कुणाशी घातलेला तो पहिला वाद. स्वयंपाकघराच्या दारात सुशीलावहिनी तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या.

दिवे लागायच्या सुमाराला दोन माणसांची मिळून एक चाल शिजली. डबा उघडला. मेश्राम जेवले.

तेव्हापासून पाळी संपली की वासुभाऊ ट्रकांच्या गर्दीतून सायकल मारत शहापूरहून भंडाऱ्याला यायचे. आधी दोन हात, एक वाद्य. मग मेश्रामचं एकेक निर्जीव बोट धरून तारेवर ठेवायचे. "हे भाजी. ओळखते काय पाहा. हे वरण. भेट तिले." मग तिथेच जेवण आणि परत. डॉक्टर मालिश सांगत होते, ती वहिनी करायच्याच. पण बोटाला भाजी-वरणाशी बोलायला लावणारा उपचार कुठल्या दवाखान्यात असणार?

सुमारे वर्षानं, थंडी नुकती पडू लागली होती तेव्हा, शाळेला सुटी म्हणून मी दुपारीच मेश्रामकडे गेलो. ते अंगणात उन्हाला बसले होते. समोर परातभर उकडलेले सिंगाडे. उजव्या हातात चाकू होता आणि डाव्या हातानं सिंगाडा घट्ट धरून ते झरझर सोलून खात होते.

मला पाहताच डावा हात थांबला. पण उशीर झाला होता.

"मेश्राम! हात?"

"बसा मास्तर." त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "बरा आहे. केव्हाचाच."

"मग वासुभाऊंना..."

"त्याले सांगू नोका." मेश्राम एवढं कधी बोलत नसत, त्या दिवशी बोलले. "पावसाळ्यात एक दिवस मी हात हलवून दाखवला त्याले. इतका खुश झाला, मले उचलतच होता. मंग जाता जाता म्हणते, आता तुले माई गरज नाही, माया जीव निवांत झाला. दोन-तीन दिवस आलाच नाही. मले वाटलं ताप-गिप आला. हिले डबा घेऊन शहापूरले धाडलं."

सुशीलावहिनी दारात येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "चूल थंडी होती हो, मास्तर. राखसुद्धा जुनी. भाऊजी मुरमुरे पाण्यात भिजवून खाऊन राहिले होते. मी म्हटलं, तुमी अन् भाताशिवाय? तर हासले. म्हणे, वहिनी, एकट्यासाठी भात कायले चढवाचा? गंजही हासते."

 मला शहापूरची माझी खोली आठवली, आणि रविवार सोडून इतर दिवशी शेजारून फोडणीचा वास कधी आला होता का, हे काही केल्या आठवेना.

"दुसऱ्या दिवशी मी निरोप धाडला," मेश्राम म्हणाले, "का हात पुन्हा गेला म्हणून. त्याच संध्याकाळी आला. आल्याबरोबर मले म्हणते, सरक."

गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजली. आज पाळी लवकर सुटली असावी. मेश्रामनी चाकू परातीत ठेवला, डावा हात उचलून मांडीवर नीट निर्जीव मांडला. सालींचा ढीग मात्र त्यांच्याच पुढ्यात होता. मी तो दोन्ही हातांनी ओढून माझ्यासमोर घेतला.

वासुभाऊ आत आले. युकुलेली खुंटीला लावली, परातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मास्तर, एवढे सिंगाडे एकटेच हाणले? अन् जेवाचं कसं मंग?"

"भूक लागली होती," मी म्हणालो.

"अन् याले एकही दिला नाही." ते खाली बसले, एक सिंगाडा निवडून घेतला, काळी साल नखानं सोलली आणि पांढरा गर मेश्रामच्या ओठांशी धरला.

मेश्रामनी निमूट तोंड उघडलं.