घरच्यांची यादी

पिपरी मेघेला ताईकडे गेलो की पुढच्या दारात भाऊजी विचारायचे, "घरचा का बाहेरचा?" मी त्यांचा सख्खा मेहुणा, त्यांच्या पंगतीला वीस वर्षं जेवलेला. तरी उत्तर द्यावं लागे. "घरचा" म्हटलं की ते म्हणत, "मंग पुढून काऊन आला? घरचा माणूस मागच्या दारानं येते." मग मी चपला हातात घेऊन घराला वळसा घालायचो आणि मोरीकडच्या दारानं आत शिरायचो. त्या दाराला दिवसभर कडी नसे.

भाऊजी वर्ध्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळत. मी तिथेच कारकून. नोकरीही त्यांच्याच शब्दानं लागलेली, त्यामुळे थकवायचं काम त्यांच्याकडे आणि थकायचं माझ्याकडे.

कॉलेजची वेबसाइट निघाली आणि तिचा एक भाग फक्त आपल्या लोकांसाठी राखला गेला, तेव्हा भाऊजींनी सर्व्हरलाही घरचीच शिस्त लावली. कॉलेजातल्या मशीनवरून आला तो घरचा, त्याला काही विचारायचं नाही. बाहेरून आला त्यानं नाव आणि पासवर्ड सांगायचा. प्रत्येक मशीनला आकड्यांचा एक पत्ता असतो. घरच्यांचे पत्ते त्यांनी एका यादीत लिहून ठेवले.

पहिल्याच दिवशी सर्व्हरनं प्राचार्यांना अडवलं. भाऊजींनी चुकून घरचं असणं आणि पासवर्ड, दोन्ही सक्तीचं करून ठेवलेलं. आतल्यांना पासवर्ड आठवेना, बाहेरच्यांना पासवर्ड असूनही दार उघडेना. माझा मी दुधाच्या कॅलेंडरवर लिहिला होता. बायकोनं ते पान मसाल्याच्या डब्याखाली घातलं. तीन दिवस अख्खं कॉलेज उंबरठ्यावर उभं.

चौथ्या दिवशी जेवायला वाढताना ताई म्हणाली, "मागच्या दारानं येणाऱ्यालेही कडी वाजवायले लावता का तुमी? दोन्हीतलं एक पुरे ना."

भाऊजी उष्ट्या हातानंच उठले. कॉलेजात जाऊन त्यांनी एक शब्द बदलला आणि सगळं सुरळीत झालं. ताईचं नाव अर्थात कुठे आलं नाही.

त्यांची एकुलती एक मीनू हैदराबादला नोकरीला होती. तिथेच तिनं आपल्या पसंतीनं लग्न केलं, तेव्हापासून तीन वर्षं भाऊजींनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. विषय निघाला की एकच वाक्य, "ते आता बाहेरची." तिचे ई-मेल माझ्या नावावर येत. मी छापून ताईला नेऊन देई. एकदा भाऊजींनी मला हटकलं, "पूर्ण काढत जा. वरचे आकडेही." कुठल्या मशीनवरून पत्र निघालं ते त्या आकड्यांत असतं. माणूस अक्षरं सोडून आकडे मागतो, आणि कागद माझा जातो, म्हणून मी कुरकुरलो.

पुढे भाऊजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी, दुसऱ्यानं धड दिसत नव्हतं. यादीत एका नव्या मशीनची भर घालायची होती, म्हणून मला बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. यादीच्या तळाशी एक पत्ता भलताच निघाला.

"भाऊजी, हे आपल्या कॉलेजातलं नाई. पुसू?"

"राहू दे."

"कोणाचं हाय?"

ते पट्टी चाचपत राहिले. "हैदराबादचं. तिच्या हापिसातलं. आलीच कधी, तं पासवर्ड नको विचारायले."

"तिले माहीत हाय?"

"तिले काऊन सांगू? रोज सकाळी नोंदी पाह्यतो. अजून नाई आली."

त्या दुपारी मी मीनूला चार ओळी लिहिल्या. साइटचा पत्ता दिला आणि खाली लिहिलं, तुला आत कोणी काही विचारणार नाही.

तिसऱ्या दिवशी भाऊजींनी मला सर्व्हरच्या नोंदी वाचायला बसवलं. कोण कधी आलं, काय पाहिलं, सगळं त्यात उतरतं. मी वाचत गेलो आणि थांबलो.

"आलती भाऊजी. अकराले."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं."

"काय पाह्यलं?"

आता त्या आतल्या भागात होतं तरी काय? "जनरेटरच्या वेळा," मी म्हणालो. "मंग होस्टेलच्या मेसची पाळी. मंग परत जनरेटरच्या वेळा."

भाऊजी खुर्ची माझ्याकडे सरकवून म्हणाले, "त्या वेळा आज बदलून टाक. रोज येऊन पोरगी तेच ते काय वाचणार हाय?"