बाळारामनं आईला कर्जतला आणलं

माणूस दिसला की आमचा बाळाराम आधी त्याची फाइल ठरवतो. इमारतीत कोणी नवं राहायला आलं, की हा जिन्यात उभा राहून निरखणार आणि माझ्या कानात निकाल देणार, "वॉर हाय. याला सगळं दुसऱ्यानं करून द्यायला लागनार."

दचकू नका, लढाईशी संबंध नाही. बाळाराम जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्राम लिहितो, त्यांची गाठोडी बांधतो आणि ती दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर चालू करून देतो. गाठोडी तीन प्रकारची. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एकदा चहा पिता पिता त्यानं समजावलं. असं समजावणारा कर्जत-खालापुरात दुसरा दाखवा!

"जार म्हंजे शेतावर निघालेला गडी. भाकर-कांदा फडक्यात बांधलेला. खाली जावाची जमीन असली की लागला कामाला. वॉर म्हंजे नवरदेव. कितीबी सजव, मांडव दुसऱ्यानं घालायला लागतो. त्या मांडवाला सर्व्हर म्हनतात. आन् इयर म्हंजे अख्खं वऱ्हाड! आत जार, आत वॉर. त्याला कार्यालयच मोठं पायजे."

"आणि मी कोण रे?"

"तू नुसती झिप. दाबून भरलेला, चालत काय नाय."

बाळाराम एकटा जीव. गेल्या वर्षी त्यानं आईला गावाहून, पोशीरहून, इथं आणलं. तिचे गुडघे गेलेले. तिचा पाटा, घरचा तांदूळ, कुंडीत तुळस, काही म्हणून मागं ठेवलं नाही. "आई म्हंजे जार," छाती काढून म्हणाला. "सगळं बांधून आनलंय. कुटंबी चालंल."

चाललं नाही. आई दिवसभर गॅलरीत बसायची. पानातला भात तसाच. डॉक्टरांना दुखणं सापडेना. तिचं लुगडं सैल पडायला लागलं तसा बाळाराम हादरला.

"आई, काय आनायचं राह्यलं गं?"

"काय नाय रं. पन सकाळधरनं मला कुनी हाक नाय मारली."

माझ्या उंबऱ्यावर येऊन तो मटकन बसला. "चुकलो रं. मांडव पोशीरलाच राह्यला."

रविवारी टेंपो आला. आईच्या सामानाबरोबर त्यानं स्वतःचंही चढवलं. आता तिथूनच काम करतो.

परवा मी पोशीरला गेलो, तर ओटीवर शेजारणींच्या घोळक्यात आई बसलेली. एका हातानं भात खात होती, दुसऱ्या हातानं भांडत होती. म्हटलं, "बाळाराम, आईसाठी कर्जत सोडलंस. शाब्बास!"

"छ्या! आईसाठी कशाला? इथं रेंज चांगली हाय," तो म्हणाला, आणि तेवढ्यात आलेला ऑफिसचा कॉल तुटला, म्हणून शिडी घेऊन आंब्यावर चढायला पळाला.