जोयारच्या फळ्यावरचा अभिमान

शंतनुबाबूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि ‘जोयार’, म्हणजे ‘भरती’, या नावाच्या इमारतीचा फळा आता कोण लिहिणार, हा प्रश्न उभा राहिला.

गार्डन रीचला, नदीपासून दोन गल्ल्या आत असलेल्या या चार मजली इमारतीत फळा ही साधी गोष्ट नव्हती. जिन्याखाली टांगलेल्या त्या काळ्या फळ्यावर शंतनुबाबू एकवीस वर्षं खडूने लिहीत आले होते. पहिली ओळ भरतीची. कारण अमावास्या-पौर्णिमेला गंगेला मोठी भरती आली की गटारं उलटी वाहायची आणि गल्लीत घोटाभर पाणी चढायचं; तेवढ्या वेळात स्कूटर पायरीवर चढवून ठेवावी लागे. त्याखाली टाकीची साफसफाई, कुणाचा निकाल, कुणाचं बारसं, कुणाचं श्राद्ध. इमारतीचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, पण तिथली सूचना सुप्रभातच्या फुलांखाली तासाभरात गाडली जायची. फळ्यावरची मात्र येता-जाता सगळे वाचत.

अडचण अशी होती की गच्चीवरच्या कपड्यांच्या दोऱ्यांवरून इमारतीत दोन तट पडले होते. खडू एका तटाच्या हाती गेला असता तर दुसऱ्याने फळ्याकडे पाहणंच सोडून दिलं असतं. शेवटी शंतनुबाबू म्हणाले, “मराठी बौदीला देऊ या. ती कपडे बाल्कनीतच वाळत घालते.”

अशा रीतीने खडू मराठी बौदीच्या, म्हणजे मराठी वहिनीच्या, देवयानीच्या हाती आला. तिचा नवरा उदय रेल्वेत. अडीच वर्षांपूर्वी बदली होऊन ते इथे आले होते. रिकामपणी देवयानीने पहिलीचं पुस्तक आणून बंगाली अक्षरं गिरवली होती आणि आता तिचं अक्षर शंतनुबाबूंपेक्षाही सुरेख येत होतं. भाषा अक्षरामागून येईलच, अशी तिची समजूत होती. खडू मिळाला त्या दिवशी तिने शिरा केला. “अडीच वर्षांत पहिल्यांदा या लोकांनी मला काहीतरी आपलं म्हणून दिलंय,” ती उदयला म्हणाली.

पहिले तीन आठवडे बिनबोभाट गेले. मग एका शनिवारी सकाळी उदयने पेपरातला एक बारीकसा फोटो तिच्यापुढे धरला. “ही आपल्या तिसऱ्या मजल्यावरची बाई ना?”

त्याच होत्या. अनुराधादी. वय बहात्तर, निवृत्त परिचारिका. शुक्रवारी चंदननगरला झालेल्या पोहण्याच्या स्पर्धेत, सत्तरीपुढच्या गटात, त्यांना रौप्यपदक मिळालं होतं. देवयानीला त्यांच्याबद्दल फार माहिती नव्हती. पूर्वी म्हणे त्या घरोघरी जायच्या, कुणाला ताप आला की रात्रभर बसायच्या. तीन वर्षांपूर्वी सोबत राहणारी बहीण गेली आणि त्यांनी दार लावून घेतलं. पहाटे साडेपाचला टॉवेलची पिशवी घेऊन क्लबच्या तलावावर जायच्या, आठला परत यायच्या, बस्स.

“यांच्यासाठी लिहायलाच हवं,” देवयानी म्हणाली.

आता ‘आम्हाला तुमचा अभिमान आहे’ हे बंगालीत कसं लिहायचं? फोनने सुचवलं, ‘गर्ब’. म्हणजे गर्व. देवयानीला ते मुळीच पटलं नाही. बहात्तर वर्षांच्या बाईने पदक आणायचं आणि आपण फळ्यावर गर्वाच्या गोष्टी करायच्या? फोनला काय कळतं! तिने शब्दकोश उघडला. ‘अभिमान’ हा शब्द बंगालीतही होता, अगदी तसाच. तिने शुद्धलेखन तपासलं आणि कोश मिटला. अर्थ बघायची गरजच वाटली नाही. आपलाच तर शब्द!

त्या दिवशी पौर्णिमेच्या भरतीच्या वेळा होत्या, शिवाय टाकीच्या सफाईची सूचना होती. जागा उरली एका ओळीची. पदकाचं तर सगळ्यांनाच ठाऊक असणार, असा विचार करून तिने ते गाळलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं: ‘अनुराधादी, आपनार ओपोर आमादेर सबार अभिमान.’

पदकाचं कुणालाही ठाऊक नव्हतं. आणि बंगालीत अभिमान म्हणजे आपला अभिमान नव्हे. आपल्या माणसाने आपली विचारपूस केली नाही की जिवाला लागतं, पण भांडता येत नाही, आणि ‘त्याने आपणहून ओळखायला हवं’ म्हणून माणूस गाल फुगवून बसतो, त्याला ते लोक अभिमान म्हणतात. थोडक्यात, भरतीच्या वेळांखाली इमारतीतल्या सर्वांना समजलं ते असं: अनुराधादी, आम्ही सगळे तुमच्यावर रुसलो आहोत.

पहिल्यांदा वाचलं तळमजल्यावरच्या बुलबुलने. तिच्या मुलीच्या लग्नाला अनुराधादी तीन मजले उतरून आल्या नव्हत्या. दोन वर्षं बुलबुलने हे कुणाजवळ काढलं नव्हतं. ती फळ्यापुढे उभी राहिली, इकडेतिकडे बघितलं, खाली पडलेला खडू उचलला आणि ओळीखाली ‘आमारओ’, म्हणजे ‘माझाही’, असं लिहून सही केली.

मग शंतनुबाबू. काळा चष्मा लावून, बायकोचा हात धरून ते खाली उतरले. बायकोने ओळ वाचून दाखवली. “कुणीतरी लिहिलं ते बरं झालं,” ते म्हणाले. “इमारतीत नर्स असताना माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि एकदा दार वाजवलं नाही तिने. मी सेक्रेटरी, मी कसं म्हणणार?” त्यांनी चाचपडत सही केली; ती अर्धी फळ्यावर आणि अर्धी भिंतीवर गेली. दुपारपर्यंत सहा बिऱ्हाडांच्या सह्या झाल्या, त्यात तीन एका तटाच्या आणि तीन दुसऱ्याच्या.

चार वाजता संध्याकाळच्या भरतीची वेळ दुरुस्त करायला देवयानी उतरली आणि सह्या पाहून तिचा ऊर भरून आला. केवढं हे कौतुक! तिने घरून रंगीत खडू आणले, ओळीभोवती रांगोळीसारखी वेल काढली, कोपऱ्यात दोन कमळं काढली आणि खाली लिहिलं, ‘ज्यांची सही राहिली आहे त्यांनी लवकर करावी.’

अनुराधादी चंदननगरच्या मैत्रिणीकडून संध्याकाळी परतल्या. फळ्यापुढे त्या बराच वेळ उभ्या होत्या. मग पिशवी सावरत हळूहळू वर गेल्या.

रविवारी सकाळी नऊला देवयानीची घंटी वाजली. दारात अनुराधादी, हातात संदेश मिठाईचा खोका. हिंदी आणि बंगाली दोन्हीची मोडतोड करत जे बोलणं झालं, ते असं.

“देवयानी, खरं सांग. फळ्यावर तू लिहिलंस?”

“हो,” देवयानी लाजली. “पण ते माझ्या एकटीचं नाही हं. सगळ्यांच्या मनातलं लिहिलं.”

“इतके दिवस होतं सगळ्यांच्या मनात?”

“असणारच. कुणी बोलून दाखवत नव्हतं, इतकंच.”

अनुराधादींनी मान खाली घातली. “माझ्या लक्षातच आलं नाही ग.”

“तोच तर तुमचा मोठेपणा!”

अनुराधादींनी चमकून वर पाहिलं. ही बाई टोमणा मारते आहे की काय, ते त्यांना कळेना. “आणि भोवती वेल कशाला काढलीस?”

“शोभा यायला. दोन बिऱ्हाडांच्या सह्या राहिल्यात, त्यांनाही मी आज आठवण करणार आहे.”

“नको, नको,” अनुराधादी घाईने म्हणाल्या, “त्यांच्याकडे मीच जाते.” खोका देवयानीच्या हातात देत त्यांनी तिचा हात क्षणभर धरून ठेवला. “मनात ठेवू नकोस हं काही.”

“छे, छे! मनात कशाला, फळ्यावरच लिहिलंय की,” देवयानी म्हणाली आणि आपल्या या हजरजबाबीपणावर दिवसभर खूश राहिली.

देवयानीची मुलगी नूपुर कॉलेजच्या सहलीहून संध्याकाळी परतली. ती पायातले बूट न काढताच स्वयंपाकघरात आली.

“आई, तू अनुराधादीवर रुसली? आणि पूर्ण बिल्डिंगला रुसायला लावलं?”

“काहीतरीच काय! मला अभिमान वाटतो, तोच लिहिला.”

“अगं, इकडे अभिमानचा मीनिंग तो नाही होत!” कॉलेजात बंगाली पक्कं झालेल्या नूपुरने कपाळावर हात मारला आणि बदल्यांच्या गावांत वाढून तुटक झालेल्या आपल्या मराठीत तिला सगळं समजावून सांगितलं.

देवयानी खुर्चीत बसली. सकाळचं बोलणं एकेक वाक्य करून तिला आठवू लागलं. तोच तर तुमचा मोठेपणा. शोभा यायला. आठवण करणार आहे. तिने पदर तोंडाला लावला.

उदय आधी हसला. मग तिचा चेहरा पाहून गंभीर झाला. “बदली तशी सहा महिन्यांनी होणारच आहे,” तो म्हणाला. “म्हणत असशील तर उद्याच अर्ज करतो.”

“आणखी एक आहे,” नूपुर म्हणाली. “खाली बुलबुलमावशी सांगत होती. अनुराधादी पुढच्या महिन्यात बंगळुरूला जाणार होत्या, भाच्याकडे. कायमच्या. फ्लॅट विकायला पण काढला होता, कुणाला बोलल्या नव्हत्या. काल रात्री त्यांनी भाच्याला फोन करून ‘येत नाही’ सांगितलं. बोलल्या, इथले लोक एवढे रुसलेत, मी अशी कशी जाऊ?”



“मग आता गप्प बस,” उदय म्हणाला. “चुकून का होईना, चांगलं झालंय. कशाला उकरतेस?”

 उदयचं म्हणणं खोटं नव्हतं. पण एक बाई आपलं घर ठेवायचं की विकायचं, हे देवयानीच्या शुद्धलेखनावर ठरवते आहे, हे तिला सोसवेना. आणि उद्या अनुराधादींना दुसरीकडून कळलं तर? इथे कुणालाच आपली पर्वा नव्हती, एका परक्या बाईची चूक होती ती, असंच त्यांना वाटणार. देवयानी उठली, ओलं फडकं घेतलं आणि तिसऱ्या मजल्यावर गेली.

अनुराधादींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या हसायला लागल्या, इतक्या की ठसका लागला आणि देवयानीला पाणी आणायला उठावं लागलं.

“म्हणजे पदकाबद्दल होतं ते?” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “अगं, चौघी तर होतो पाण्यात! त्यातल्या एकीचा चष्मा पडला, तिला तो शोधून द्यायला दुसरी थांबली. म्हणून मी दुसरी आले.”

देवयानीला हसू येईना. “माझ्यामुळे तुम्ही बंगळुरूला नाही म्हणून बसलात. मी मूर्ख आहे. भाच्याला परत फोन करा. मी आत्ता जाऊन फळा पुसते.”

अनुराधादींचं हसणं थांबलं. खिडकीबाहेर नदीवर कुठल्याशा जहाजाचा भोंगा वाजला. 

“बहीण गेल्यावर मला वाटलं, आता आपण आलो काय आणि गेलो काय, कुणाला फरक पडतो? तीन वर्षं मी दार लावून बसले आणि कुणी का येत नाही म्हणून आतून वाट बघत राहिले. आज सकाळी घरोघर गेले, तर काय? ते सगळे आपापल्या घरात बसून माझी वाट बघत होते. बुलबुल तर दारातच रडली.” त्यांनी देवयानीच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं. “तुझी चूक झाली, मान्य. पण खाली सही करणाऱ्या त्या सहा जणांचं काय? त्यांना तर बंगाली येतं ना?”

देवयानीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“ओळ पुसायची तर पूस,” अनुराधादी म्हणाल्या. “सह्या राहू देत.”

त्या सह्या पुढे आठवडाभर कमळांच्या वेलीत तशाच होत्या. डोळा बरा होऊन शंतनुबाबू फळ्यापुढे उभे राहिले, तेव्हा आपण नक्की कशावर सही केली होती ते त्यांना आठवेना. पण फळा सुबक दिसत होता, म्हणून त्यांनी खडू देवयानीकडेच राहू दिला. अट एकच: बातमी लिहिण्याआधी नूपुरला दाखवायची.

अनुराधादी आता रोज संध्याकाळी एकेका घरी जाऊ लागल्या. नऊ बिऱ्हाडं झाली की पुन्हा पहिल्यापासून. सगळ्यांचा रक्तदाब मोजून झाला, सगळ्यांचं मीठ कमी झालं. पंधरा दिवसांत बुलबुल हळूच देवयानीला विचारून गेली, “बौदी, फळ्यावर असं काही लिहिता येईल का, की दीदीला वाईटही वाटणार नाही आणि येत्या मंगळवारी ती येणारही नाही?” देवयानीने हात जोडले.

देवयानीच्या वाट्याला तर याहून वेगळंच आलं. “तू रत्नागिरीची आणि तुला पोहता येत नाही?” एका संध्याकाळी अनुराधादींनी कमरेवर हात ठेवून विचारलं, आणि पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला त्या टॉवेलच्या दोन पिशव्या घेऊन दारात उभ्या राहिल्या. उदयने अंथरुणातून हात हलवून निरोप दिला.

क्लबच्या तलावात ती बायकांची वेळ होती. नूपुरची रबरी टोपी घालून देवयानी पायऱ्या उतरत उतरत गळाभर पाण्यात पोचली आणि तिथेच थांबली. दोन्ही हातांनी तिने पायरीचा लोखंडी दांडा असा धरला होता, की तो उपटूनच न्यावा लागला असता. दोन हात अंतरावर अनुराधादी पाण्यात अलगद उभ्या होत्या, मांडी घालून बसाव्यात इतक्या निवांत.

“चेष्टा करो, देवयानी!” त्या ओरडल्या. “चेष्टा करो!”

काठावरच्या चार बायकाही टाळ्या वाजवत ओरडायला लागल्या. “चेष्टा करो, बौदी, चेष्टा करो!”

बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. देवयानीला ते कुठून ठाऊक असणार? गळ्याशी पाणी आलेलं असताना आपण कुणाची चेष्टा करावी अशी या बायकांची अपेक्षा आहे, हे तिला समजेना. विचारायला तिने तोंड उघडलं, ते तलावाचं गार पाणी आत गेलं. ठसका आवरत तिने समोर पाहिलं. अनुराधादींनी दोन्ही हात तिच्याकडे पसरले होते.

शब्द तर अगदी ओळखीचा होता. म्हणजे इथे त्याचा अर्थ भलताच काहीतरी असणार, एवढं तिला आता कळत होतं.

तिने दांडा सोडला.