रेडिओचं कुंकू

निर्जीव वस्तूंशी बोलणाऱ्या माणसांची मला पहिल्यापासून कीव येते. एक नमुना तर घरातच आहे. आमची ही, प्रभा, स्टोव्हला पिन मारताना म्हणते, "पेट की गं बाई, उशीर होतोय." पाटा-वरवंट्याशी काय बोलते, ते मी भीतीपोटी विचारलेलं नाही.

दुसरा नमुना ऑफिसात. मैंदर्गीचा गुरुबसप्पा. टाइपरायटरवर कागद चढवला की मशीनला कानडीत आळवतो, "बा तायी, बा." म्हणजे ये आई, ये. आई म्हणे! उद्या शाईच्या दौतीला मावशी म्हणेल.

हेडक्लार्कची जागा रिकामी झाली आणि नावं दोनच उरली, त्याचं आणि माझं. मी चिंतामणीसाहेबांच्या कानावर घातलं, "साहेब, मशीनशी बोलणारा माणूस हेडक्लार्क म्हणून शोभेल का?" साहेब नुसते हसले. मी मनातल्या मनात त्या खुर्चीत बसूनच घरी आलो.

साहेबांना सिनेमाच्या गाण्यांचं लई वेड, आणि त्यांचा रेडिओ दुरुस्तीला गेलेला. खंडेनवमीला संध्याकाळी रेडिओवर फर्माइशी गाणी होती. मी त्यांना घरी बोलावून टाकलं.

खंडेनवमी म्हणजे हत्यारांची पूजा. पण प्रभानं विळी, स्टोव्ह, माझी सायकल करत करत थेट रेडिओलाही हळदकुंकू लावून झेंडू वाहिला होता.

"साहेब काय म्हणतील? अडाण्यांचं घर म्हणतील की," मी फडकं भिजवलं.

"पुसू नका हो. रुसतो तो."

"रुसायला जावई आहे का तो?"

काचेपासून बटणांपर्यंत मी कुंकवाचा ठिपकाही ठेवला नाही.

साहेब आले, ऐसपैस बसले. मी बटण फिरवलं. दिवा लागला, घर्रर्र झालं आणि रेडिओनं मान टाकली. शेजारच्या घरातून मात्र साहेबांच्या आवडीचं गाणं खणखणीत ऐकू येत होतं.

"पाणी गेलं असणार आत," प्रभा म्हणाली. "साहेब, हात धुऊन घ्या, भजी तयार हायेत."

साहेब मोरीकडे गेले. खोलीत मी आणि तो ठोकळा. मी आधी दोन चापट्या मारल्या. मग इकडंतिकडं बघितलं आणि त्याच्या जाळीला तोंड लावलं.

"वाज रे राजा. झेंडू काय, शेवंतीचा हार घालतो तुला. त्या म्हाताऱ्याला दोन गाणी ऐकव, मला हेडक्लार्क होऊ दे. मग तो पुन्हा या उंबऱ्यावर दिसला तर नाव बदलीन."

"गंगाधरपंत."

साहेब मागं उभे. हातातून पाणी ठिबकत होतं. मला वाटलं, म्हातारा म्हटल्याचा राग आला. पण त्यांचं दुःख वेगळंच निघालं.

"कुंकू पुसलंत? सणाच्या दिवशी? अहो, आमचा रेडिओ दुकानात उघडा पडलाय, तरी सकाळी तिथं जाऊन मी त्याला कुंकू लावून आलो. म्हटलं, लवकर बरा हो बाबा."

भजी तशीच राहिली.

दिवाळीआधी गुरुबसप्पा हेडक्लार्क झाला. त्याची मशीन माझ्या टेबलावर आली. "बोलत जावा की तिच्याशी," तो जाताना म्हणाला. तेव्हा मी नाक मुरडलं. पण बाई दर ओळीला अडते. परवा दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणून पाहिलं, "ये आई, ये." ढिम्म हलली नाही. तिला मराठी कळत नाही.

सध्या मी रोज संध्याकाळी गुरुबसप्पाकडे कानडी शिकायला जातो.